पंधरा मिनिटे सोसवेल असे पाणी

तेजाब, कॉस्टिक व चुना हाताळणाऱ्या कारखानदार आणि कारागीर बांधवांसाठी

मे महिन्यात जोहरच्या नमाजासाठी वजूला बसणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. तोटी उघडली की पहिले पाणी हातावर घेववत नाही. गच्चीवरची काळी टाकी आणि उन्हात पडलेला नळ यांनी ते तापवलेले असते. आपण हात मागे घेतो, थोडे पाणी वाहू देतो आणि मग वजू करतो. घाई नसते, म्हणून ते चालून जाते.

पण त्याच घटकेला कारखान्यात एखाद्या मुलाच्या डोळ्यात तेजाब उडाले असेल तर?

मुंबईच्या एका उपनगरातील प्लेटिंगच्या लहानशा कारखान्यात काही वर्षांपूर्वी नेमके हेच घडले. पितळी कड्या-कोयंड्यांना निकेल आणि क्रोम चढवण्याचे काम तिथे चालते. सहा कामगार, दोन खोल्या आणि मागे छोटेसे आवार. मालक हाजीसाहेब स्वतः कारागिरीतून वर आलेले, म्हणून माणसांची काळजी घेणारे. कोणी न सांगताही त्यांनी दाराबाहेर एक वेगळा नळ बसवला होता. कोणाच्या अंगावर काही उडाले तर लगेच धुता यावे, एवढाच त्यामागचा हेतू.

दुपारी दोनच्या सुमारास एकोणीस वर्षांचा एक मुलगा कॅनमधून मिठाचे तेजाब टबात ओतत होता. कॅन हिसका देऊन उसळला आणि तेजाब तोंडावर आणि डाव्या डोळ्यात उडाले. दोघांनी त्याला धरून दहा पावलांवरच्या नळाखाली नेले. तोटी उघडली आणि मुलाने किंचाळून तोंड मागे घेतले. सगळ्यांना वाटले, तेजाबाची आग होते आहे. त्याचे डोके पुन्हा खाली दाबले, त्याने पुन्हा झटका देऊन सोडवून घेतले. नळाचे पाणीच चटका देणारे होते, हे एकाने हात घातल्यावर कळले. मग पिण्याच्या माठातले दोन-तीन पेले पाणी मारले आणि रिक्षा करून रुग्णालय गाठले. तिथे डॉक्टरांनी बराच वेळ डोळा धुतला, पण मधे अर्धा तास गेला होता. डोळा राहिला, मात्र त्यात फूल पडले. आज त्या डोळ्याने त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

"नळ होता, पाणी होतं, माणसं होती," हाजीसाहेब सांगतात, "तरी पोराचा डोळा धुतला गेला नाही."

त्यांच्या या एका वाक्यात आजच्या लेखाचा सारा विषय आहे. नळ बसवणे म्हणजे अर्धे काम. त्या नळाखाली जखमी माणसाला पुरी पंधरा मिनिटे उभे राहता आले पाहिजे. पाणी फार गरम असेल किंवा फार थंड असेल तर तो उभा राहू शकत नाही, आणि मग ती सोय नुसती भिंतीवर दिसण्यापुरती उरते.

पंधरा मिनिटे कशासाठी?

आपल्याकडे तेजाब उडाले की दोन चुळा पाण्याच्या मारायच्या आणि कामाला लागायचे, अशी सवय आहे. ही सवय घातक आहे. रसायन कातडीवर नुसते बसून राहत नाही, ते आत शिरत असते. वरून धुतले गेले तरी आत गेलेले बाहेर यायला आणि पातळ व्हायला वेळ लागतो. म्हणून किमान पंधरा मिनिटे सतत वाहते पाणी, हा जगभर मान्य झालेला नियम आहे.

तेजाबापेक्षा कॉस्टिक सोडा आणि चुना डोळ्याला अधिक वाईट, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेजाब डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठवते आणि त्या गोठलेल्या थरामुळे त्याचे आत जाणे काही प्रमाणात अडते. कॉस्टिक मात्र चरबीचा साबण बनवत आत उतरत जाते. कॉस्टिकने कपडे धुणारा जसा मळ सोडवतो, तसेच ते डोळ्याचा पडदा सोडवते. सुरुवातीला दुखणेही कमी असू शकते, म्हणून माणूस गाफील राहतो. अशा वेळी पंधरा मिनिटेसुद्धा अपुरी पडतात. रुग्णालयात पोचेपर्यंत आणि तिथेही धुणे चालूच ठेवावे लागते. रंगाई, साबण, चामडे कमावणे, भांड्यांची सफाई, चुन्याची कामे, या सगळ्या धंद्यांत आपले बांधव आहेत. त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

सोसवेल असे पाणी म्हणजे किती अंशांचे?

अमेरिकेत आणीबाणीच्या शॉवरसाठी आणि डोळे धुण्याच्या कारंज्यांसाठी 'ॲन्सी झेड ३५८.१' नावाचे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८१ ची. पुढे त्यात अनेकदा सुधारणा झाल्या. जगभरातील मोठे कारखाने आज तेच प्रमाण धरतात. त्यात पाणी कोमट असावे असे म्हटले असून १६ ते ३८ अंश सेल्सिअस ही मर्यादा योग्य मानली आहे.

या दोन आकड्यांमागे कारण आहे. ३८ अंशांच्या वरचे पाणी डोळ्याला स्वतःच इजा करते. शिवाय उष्णतेने रसायनाची क्रिया वेगाने होते, म्हणजे जे धुवायचे तेच अधिक जोराने चावू लागते. १६ अंशांच्या खाली दुसरी अडचण येते. अंगावरचे कपडे काढून गार पाण्याच्या धारेखाली उभा असलेला माणूस दोन-तीन मिनिटांत हुडहुडून बाहेर पळतो. जबरीने उभे केले तर शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. त्यात तो आधीच घाबरलेला आणि दुखावलेला असतो.

महाराष्ट्रात दोन्ही टोके सापडतात. मालेगाव, जळगाव, नागपूर येथे मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत चढतो. उन्हातल्या टाकीचे आणि नळाचे पाणी त्याहूनही तापते. नाशिक, निफाडकडे जानेवारीच्या पहाटे तो दहाच्याही खाली जातो. तरी एकंदरीत आपला मोठा शत्रू उन्हाने तापलेले पाणी हाच आहे. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत पाणी गरम कसे करावे याचीच चर्चा अधिक असते. आपल्याला ते गार कसे ठेवावे हे शिकायचे आहे.

लिटरचा हिशेब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. वर सांगितलेल्या मानकाप्रमाणे अंगावर पाणी पाडणाऱ्या शॉवरमधून मिनिटाला ७५.७ लिटर पाणी आले पाहिजे. डोळे धुण्याच्या साध्या कारंज्यातून मिनिटाला १.५ लिटर, आणि डोळे व चेहरा दोन्ही धुणाऱ्या कारंज्यातून ११.४ लिटर. हे पंधरा मिनिटांनी गुणा. डोळ्यांसाठी सुमारे २३ लिटर, चेहऱ्यासह १७१ लिटर आणि शॉवरसाठी ११३५ लिटर.

म्हणजे गच्चीवर आपण जी हजार लिटरची टाकी बसवतो, ती काठोकाठ भरलेली असली तरी एका माणसाच्या एका स्नानाला पुरत नाही. उलट डोळ्यांसाठी लागणारे पाणी एका मोठ्या कॅनमध्ये मावते. लहान कारखानदाराने निराश होण्याचे कारण नाही, ते यामुळेच. डोळे वाचवण्याची सोय फार थोड्या पाण्यात होते.

नळ पुरेसे पाणी देतो की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. शॉवरखाली २० लिटरचा डबा धरा. तो सोळा सेकंदांत भरला पाहिजे. डोळ्याच्या कारंज्याखाली एक लिटरची बाटली धरा. ती चाळीस सेकंदांत भरली पाहिजे. अर्धा इंची नळावर शॉवर बसवला तर डबा भरायला मिनिट-दीड मिनिट लागेल; तो शॉवर नव्हे, ठिबक आहे. पंपाचा दाब असेल तर शॉवरला किमान एक इंची नळ हवा. नुसत्या उंच टाकीच्या उतारावर चालवायचा असेल तर दीड इंचीच्या खाली जाऊ नये.

नळात अडकलेले पाणी

इथे एक बारकावा आहे, तो फिटर बांधवांनी नीट समजून घ्यावा. समजा टाकीपासून कारंज्यापर्यंत एक इंची नळ ३० मीटर उन्हातून येतो. एका मीटर नळात साधारण अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी मावते. म्हणजे साऱ्या नळात सोळा-साडेसोळा लिटर तापलेले पाणी उभे आहे. शॉवर उघडला तर हे पाणी तेरा सेकंदांत निघून जाते आणि मागून टाकीतले पाणी येते. पण डोळ्याचे कारंजे मिनिटाला दीडच लिटर सोडते. तिथे तेच तापलेले पाणी निघून जायला अकरा मिनिटे लागतात!

पंधरांपैकी अकरा मिनिटे डोळ्यावर तापलेले पाणी. हाजीसाहेबांच्या नळाला नेमका हाच दोष होता. टाकी गच्चीवर, नळ दक्षिणेच्या भिंतीवरून उतरवलेला, दिवसभर ऊन. तोटी रोज कोणी उघडत नसे, म्हणून पाणी तिथेच उभे राही. शॉवरसारख्या मोठ्या धारेला जे चालते ते डोळ्याच्या बारीक धारेला चालत नाही. डोळ्याच्या कारंज्याला नळ आखूड हवा, सावलीतून हवा आणि गरजेपेक्षा जाड नसावा. अर्धा इंची नळात तेवढ्याच लांबीत सुमारे सहा लिटर पाणी मावते, म्हणजे चार मिनिटे. नळच तीन मीटरचा असेल तर अर्धे मिनिटही लागत नाही.

थंड मुलखात काय करतात?

थंड देशांतील कारखान्यांना उलट अडचण असते. हिवाळ्यात तिथे नळाचे पाणी पाच अंशांवर येते. मग ते गरम करावे लागते. इथेही हिशेब पाहा. मिनिटाला ७५.७ लिटर वाहते पाणी नुसते दहा अंशांनी तापवायचे म्हटले तरी सुमारे ५३ किलोवॅट वीज लागते. आपल्या घरातल्या तीन किलोवॅटच्या गीझरसारखे अठरा गीझर एकाच वेळी! एवढी वीज एका शॉवरसाठी राखून ठेवणे बहुतेकांना परवडत नाही.

म्हणून तिथे पाणी आधीच तापवून मोठ्या टाकीत साठवतात आणि लागेल तेव्हा त्यात थंड पाणी मिसळतात. टाकीत ६० अंशांचे पाणी असेल, नळाचे १० अंशांचे असेल आणि शॉवरला २५ अंशांचे हवे असेल तर दर शंभर लिटरात तीस लिटर गरम आणि सत्तर लिटर थंड. पंधरा मिनिटांच्या ११३५ लिटरांसाठी गरम पाणी फक्त ३४० लिटर पुरते.

हे मिश्रण हाताने करायला जखमी माणसाला सवड नसते. त्यासाठी तापमान ओळखून आपोआप मिसळणारा वॉल्व्ह असतो. त्याच्या पोटात मेणाचा किंवा दोन धातूंच्या पट्टीचा एक भाग असतो. पाणी गरम झाले की तो फुगतो किंवा वाकतो आणि गरम पाण्याची वाट अरुंद करतो. पाणी गार झाले की उलट होते. न्हाणीघरात बसवतात तो मिसळणारा वॉल्व्ह इथे उपयोगाचा नाही, कारण या वॉल्व्हला डोळ्याची दीड लिटरची बारीक धार आणि शॉवरची पाऊणशे लिटरची मोठी धार, दोन्ही सांभाळाव्या लागतात. शिवाय तो बिघडला तरी माणूस भाजता कामा नये. गरम पाणी बंद पडले तर निदान थंड पाणी पूर्ण जोराने यावे, आणि थंड पाणी बंद पडले तर गरमही आपोआप थांबावे, अशी त्याची रचना असते. या कामाच्या वॉल्व्हसाठी अमेरिकेत 'एएसएसई १०७१' असे वेगळे मानकच आहे.

कोमट पाणी साठून राहिले तर त्यात जंतू वाढतात, हाही एक धोका आहे. म्हणून ते कोमट करून साठवत नाहीत. गरम साठवतात आणि ऐनवेळी मिसळतात. आणि दर आठवड्याला सगळे नळ उघडून उभे पाणी वाहून टाकतात. साठलेल्या घाण पाण्यातील अमिबा डोळ्यात गेला तर वेगळेच दुखणे मागे लागते.

आखातातील धडा

हाजीसाहेबांच्या कारखान्यातला दोष कोणी शोधला, तेही सांगण्यासारखे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले एक वयस्क फिटर, सारे त्यांना चाचा म्हणतात, उमेदीची अनेक वर्षे सौदी अरबस्तानात जुबैलच्या रसायन कारखान्यांत पाईप जोडण्याचे काम करून परतले आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांतून माणसे आखाती देशांत अशा कामांवर गेली आहेत. ते दुसऱ्याच एका कामासाठी कारखान्यात आले असता हा नळ त्यांच्या नजरेस पडला.

"हाजीसाहेब, हा नळ उन्हात का उतरवलात?" त्यांनी विचारले.

"चाचा, जागाच तेवढी होती."

"मग दुपारी त्याखाली आधी आपला हात धरून बघा."

चाचांनी जे सांगितले ते असे. आखातात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे उघड्यावरच्या शॉवरची टाकी आणि नळ जाड आवरणात गुंडाळलेले असतात. मोठ्या कारखान्यांत पाणी गार ठेवणारे चिलर जोडलेले असते आणि पाणी सतत फिरते ठेवतात, म्हणजे नळात ते उभे राहून तापत नाही. काही ठिकाणी नळाच्या टोकाला एक छोटा वॉल्व्ह असतो. आतले पाणी ठरावीक अंशांच्या वर तापले की तो आपोआप उघडतो आणि तापलेले पाणी बाहेर सोडून देतो. दर आठवड्याला एक माणूस येऊन शॉवर चालवतो, पाण्यात तापमापक धरतो आणि तिथे टांगलेल्या कार्डावर आकडा लिहून सही करतो.

"ते कार्ड भरायचा आम्हाला तेव्हा कंटाळा यायचा," चाचा म्हणाले. "आता वाटतं, सगळ्यात मोलाची वस्तू तीच होती."

लहान कारखान्याने काय करावे?

चिलर आणि आपोआप मिसळणारे वॉल्व्ह आपल्या गल्लीतल्या कारखानदाराला परवडणार नाहीत. त्यांची गरजही नाही. जमिनीखालच्या टाकीतले पाणी आपल्याकडे बाराही महिने १६ ते ३८ च्या आतच राहते. तेव्हा निसर्गाने जे दिले आहे ते उन्हापासून राखणे, एवढेच काम उरते. चाचांनी हाजीसाहेबांकडे जे केले, त्यावरून पुढील गोष्टी घेता येतील.

पहिली गोष्ट, डोळ्यांसाठी वेगळी छोटी टाकी आतच ठेवावी. ५० लिटरची झाकणाची टाकी खोलीच्या सर्वांत गार कोपऱ्यात, भट्टी, बॉयलर व पत्र्याच्या छतापासून दूर, उंच घडवंचीवर बसवावी. तिच्यातून अर्धा इंची आखूड नळ आणून त्याला वर तोंड केलेल्या दोन मंद धारांचे कारंजे जोडावे. कारंज्याचे तोंड जमिनीपासून ८४ ते १३५ सेंटिमीटर उंचीवर असावे. धार जोरकस नको. जोराची धार डोळ्याला इजा करते. लोडशेडिंगमध्येही हे चालते, कारण पंप लागत नाही.

दुसरी गोष्ट, शॉवर बसवणे शक्य असेल तर गच्चीवरची टाकी सावलीत न्यावी. ते जमत नसेल तर तिच्यावर छप्पर घालावे, बाहेरून पांढरा चुना द्यावा, नळाला आवरण गुंडाळावे. भूमिगत टाकी असेल तर पाणी तिच्यातून पंपाने घ्यावे, मात्र वीज गेल्यास काय, याची सोय आधी करावी.

तिसरी गोष्ट, वॉल्व्ह असा हवा की एका झटक्यात, एका सेकंदात उघडेल आणि हात सोडला तरी उघडाच राहील. फिरवत बसावी लागणारी तोटी चालणार नाही. जखमी माणसाचे दोन्ही हात पापण्या उघड्या धरण्यासाठी मोकळे हवेत.

चौथी गोष्ट, जागा. रसायनाच्या टबापासून दहा सेकंदांत पोचता आले पाहिजे. वाटेत पायरी, दार, पिंपे, तयार मालाचे गठ्ठे काही नको. डोळे मिटलेला माणूस चाचपडत तिथे येणार आहे, हे लक्षात ठेवून स्वतः डोळे मिटून एकदा चालून पाहावे. कडक तेजाब किंवा कॉस्टिकच्या टबासाठी कारंजे अगदी शेजारीच हवे.

पाचवी गोष्ट, तापमापक. रंगाईवाल्यांकडे असतो तसा काचेचा तापमापक पुरेसा आहे. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ अंशांच्या खालचे दाखवत नाही. आठवड्यातून एकदा, आणि तेही भर दुपारी, कारंजे उघडून पहिल्या पाण्याचा आकडा घ्यावा. थंडीच्या दिवसांत तोच आकडा पहाटे घ्यावा. छोट्या टाकीतले साधे पाणी दर आठवड्याला बदलावे, टाकी घासावी. आकडा एका वहीत लिहावा.

डोळे धुण्याच्या बाटल्या बाजारात मिळतात. त्या टबाजवळ जरूर ठेवाव्यात, पण त्या कारंज्यापर्यंत पोचेपर्यंतच्या पहिल्या घटकेसाठी आहेत. एका बाटलीत पंधरा मिनिटांचे पाणी मावत नाही.

अपघाताच्या वेळी

हे सारे वाचून कोणी असे समजू नये की, योग्य तापमानाचे पाणी मिळेपर्यंत थांबावे. मुळीच थांबू नये. हाती येईल ते स्वच्छ पाणी त्याच क्षणी वापरावे. पहिले सेकंद सर्वांत मोलाचे असतात. नळाचे पाणी चटका देत असेल तर माठातले, बादलीतले पाणी घ्या, ते चालू असताना दुसऱ्याने नळ वाहू द्यावा. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि जखमीला डोळा चारी दिशांना फिरवायला सांगा. एकाच डोळ्यात उडाले असेल तर तो डोळा खाली राहील असे डोके वाकवा, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. अंगावर उडाले असेल तर कपडे ताबडतोब उतरवा. अशा वेळी लाज बाळगू नये. कोरडी चुन्याची किंवा कॉस्टिकची पूड असेल तर आधी ती झटकून मग भरपूर पाणी सोडा. गंधकाच्या कडक तेजाबावर थोडेसे पाणी पडले तर ते अधिक तापते, म्हणून तिथे पाणी भरपूरच हवे.

तेजाबावर सोडा आणि कॉस्टिकवर लिंबू, असले उतारे डोळ्यात घालू नयेत. गुलाबजल, दूध, तूप, सुरमा काहीही नको. पाणी, पाणी आणि पाणीच. आणि रुग्णालयात नेताना रसायनाचे नाव लिहिलेली चिठ्ठी किंवा डब्याचे लेबल सोबत न्यावे.

कायदा आणि हिशेब

१९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या रक्षणासाठी कलम ३५ आणि धोकादायक कामांसाठी कलम ८७ होते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. आणीबाणीचे शॉवर आणि डोळ्यांची कारंजी यांसाठी आपल्या देशाचेही मानक आहे: 'आय.एस. १०५९२', साल १९८२.

आपले पुष्कळ बांधव म्हणतात, आमच्याकडे माणसेच सहा-सात, आम्हाला कायदा कुठे लागू? १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागी दहा आणि विजेविना वीस कामगारांवर कारखान्याची रेघ ओढली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीस आणि चाळीसवर नेली. रेघ कुठेही असो, तेजाब हजेरीपट मोजून उडत नाही.

आणि नुसत्या पैशाच्या नजरेने पाहायचे तरी हिशेब सरळ आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक डोळा पुरता गेला तर माणसाची कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली, असे धरले होते. डोळा राहून नजर गेली तर ३० टक्के. तरुण कारागिराच्या साऱ्या आयुष्यातील कमाईचा तिसरा हिस्सा एकीकडे, आणि ५० लिटरची टाकी, दोन-चार मीटर नळ व एक वॉल्व्ह दुसरीकडे. कोणता सौदा महाग, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

धंद्याची वाट

जाता जाता फिटर, वेल्डर आणि फॅब्रिकेटर बांधवांना एक सूचना. कपडा आणि चामड्याचा माल निर्यात करणाऱ्यांकडे परदेशी खरेदीदारांचे तपासनीस येतात. रसायनांच्या कोठाराजवळ डोळे धुण्याची सोय आहे का, हे ते पाहतात. त्यामुळे पुष्कळ कारखानदार घाईघाईने कुठलेतरी कारंजे आणून टांगतात. ते लावून देणारे आहेत. पण पाणी किती येते, किती अंशांचे येते, नळ उन्हातून जातो का, हे मोजून देणारे थोडे आहेत. डबा, बाटली, घड्याळ आणि तापमापक घेऊन जाणारा, मोजमाप लिहून देणारा आणि दर महिन्याला येऊन तपासणारा फिटर हा या धंद्यात वेगळा उठून दिसेल. आखातातून हे काम शिकून परतलेल्यांनी ही विद्या घरी बसवून ठेवू नये. आपल्या गल्लीतल्या दोन मुलांना तरी शिकवावी.

हाजीसाहेबांच्या कारखान्यात आता आतल्या कोपऱ्यात घडवंचीवर निळी टाकी आहे. खाली कारंजे, शेजारी खिळ्याला तापमापक आणि दोऱ्याने बांधलेली वही. मी गेलो तेव्हा मे महिनाच होता. वहीतला शेवटचा आकडा होता ३१ अंश, वेळ दुपारी अडीच. वही लिहिण्याचे काम त्याच मुलाकडे आहे, ज्याच्या डाव्या डोळ्यात फूल आहे. तो आता टबावर काम करत नाही. मालाची मोजदाद आणि ही वही सांभाळतो. आठवड्यात एकदाही त्याने ती चुकवलेली नाही.

वाचक बांधवांनी या शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून कारखान्यात परतल्यावर एवढेच करावे. आपल्या नळाखाली, भर उन्हाच्या वेळी, आधी स्वतःचा हात धरावा. पंधरा मिनिटे नको, एकच मिनिट धरून पाहावा.